अक्षय नीवी : त्रिरश्मी पर्वतावरील ठेवीची कथा

नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा आहे. त्याच्या मध्यावर एका ओळीत चोवीस लेणी खोदलेली आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी ती कोरली गेली आणि तेथील लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे संस्कृतात त्रिरश्मी, असे येते. सुटीच्या दिवशी माणसे पायऱ्या चढून येतात, मूर्ती पाहतात, खालच्या शहराचा देखावा पाहतात आणि उतरतात. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतींवर छताखाली अक्षरांच्या ओळी आहेत. त्यांच्याकडे मान वर करून पाहणारे थोडे असतात. ज्यांच्या घराण्यांच्या पिढ्या मुद्दल आणि व्याजाच्या हिशेबात गेल्या, त्यांच्यासाठी मात्र या डोंगरावरील सर्वांत ओळखीची गोष्ट त्या ओळींतच आहे. तेथे एका कायम ठेवीचा दस्त कोरलेला आहे. रक्कम, दर, ठेव घेणाऱ्या संस्था, व्याजाचा विनियोग आणि नोंदणी हे सारे त्यात क्रमाने सांगितलेले आहे.

हा दस्त करणाऱ्याचे नाव उषवदात. त्याचे संस्कृत रूप ऋषभदत्त असे अभ्यासक मानतात. तो दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याचा जावई होता. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. त्या वेळी या प्रदेशाचे मुख्य ठाणे गोवर्धन हे होते. त्या नावाचे गाव नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरच्या बाजूला आजही नांदते आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढून वर आला की गोदावरीच्या खोऱ्यात उतरे आणि पुढे प्रतिष्ठान, म्हणजे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरील पहिली मोठी पेठ म्हणून गोवर्धन-नाशिकचे महत्त्व होते. जेथे पेठ असते तेथे पैसा फिरतो, आणि जेथे पैसा फिरतो तेथे तो विश्वासाने ठेवून घेणारेही असावे लागतात. त्या काळी ते काम कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी करीत.

दोन ठेवी, दोन दर

उषवदाताने वर्ष ४२ च्या वैशाख महिन्यात हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची ‘अक्षय नीवी’ दिली. कार्षापण हे त्या काळचे चलनातील नाणे. नीवी म्हणजे मूळ रक्कम, भांडवल. अक्षय नीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही अशी ठेव. लेखातील अट स्पष्ट आहे : हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, त्यांची फक्त वाढ उपभोगायची आहे. व्याजासाठी लेखात ‘वढि’ हा शब्द वापरला आहे. धान्याच्या उसनवारीत चालणारी ‘वाढी-दिढी’ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही.

या रकमेचे दोन भाग केले गेले. गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा दरशेकडा एक. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले. व्याज दरमहा दरशेकडा पाऊण. या पाऊणसाठी लेखात ‘पायून’ असा शब्द आहे. पाव कमी एक, असा त्याचा अर्थ. बाजारात आजही रोज उच्चारला जाणारा ‘पाऊण’ हा शब्द सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरावर व्याजाच्या दराच्या संदर्भातच कोरला गेला आहे.

आता हिशेब पाहावा. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. लेखात पुढे म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावेत. वर्षावास म्हणजे पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नेम. जैन कुटुंबांना तो चातुर्मासाच्या रूपाने परिचित आहेच. वीस गुणिले बारा बरोबर २४०. एकही कार्षापण शिल्लक राहत नाही आणि एकही कमी पडत नाही. आधी खर्च ठरवला, मग त्याला पुरेल एवढी रक्कम त्या दराने काढली, आणि मगच ठेव केली, हे या आकड्यांवरून उघड दिसते. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज ९० कार्षापण होते आणि ते ‘कुशणमूल’ या दुसऱ्या खर्चासाठी नेमलेले आहे. या शब्दाचा अर्थ अभ्यासक निरनिराळा लावतात; वस्त्राखेरीज भिक्षूंच्या इतर गरजा, असा त्याचा साधारण आशय. एका खात्याचे व्याज दुसऱ्या कारणाकडे वळवायचे नाही, ही शिस्त येथे आहे. मंदिर-स्थानकांच्या हिशेबात देवद्रव्य, ज्ञानखाते, साधारण खाते आणि जीवदया यांच्या रकमा वेगळ्या ठेवणाऱ्या विश्वस्तांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

दस्ताचा शेवट त्याहून लक्षणीय आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर, म्हणजे दप्तरात, ‘निबद्ध’ केला गेला. दस्तांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला मराठीत ‘निबंधक’ म्हणतात, तो याच धातूचा शब्द. राजाचा जावईसुद्धा ठेव ठेवताना केवळ स्वतःच्या अधिकारावर विसंबला नाही. त्याने व्यवहार चारचौघांत जाहीर केला, दप्तरी लावला आणि वर दगडावरही कोरवला.

शेत कोणाचे, याची नोंद

याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने केलेल्या जमिनीच्या खरेदीचा उल्लेख आहे. वाराहीचा पुत्र अश्विभूति या ब्राह्मणाकडून त्याने ४,००० कार्षापण देऊन एक शेत विकत घेतले. शेत नगराच्या सीमेवर वायव्येला आहे आणि ते विकणाऱ्याच्या वडिलांचे होते, असे लेख सांगतो. त्या शेताच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्यांना अन्न मिळावे, अशी योजना होती. विकणारा कोण, किंमत किती, जागा कोठे आणि विकणाऱ्याकडे ती आली कोठून, या चार गोष्टी त्या दोन-तीन ओळींत आल्या आहेत. तारण म्हणून जमीन घेताना बँकेचा वकील आजही याच चार गोष्टी तपासतो.

आणखी एका नोंदीत देव आणि ब्राह्मण यांच्यासाठी दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा हिशेब आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने त्यांचे २,००० सुवर्ण होतात, असे लेखातच म्हटले आहे. चांदीच्या आणि सोन्याच्या नाण्यांचा त्या काळचा विनिमयदर या एका वाक्यामुळे इतिहासाला मिळाला. उषवदाताने अनेक नद्यांवर मोफत नावा ठेवल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. त्यांचीही यादी या भिंतीवर आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसौर आणि शूर्पारक म्हणजे सोपारा. ही गावे नकाशावर जोडली की व्यापाराचा एक जुना मार्ग डोळ्यांसमोर उभा राहतो.

दान केवळ राजकुळातून येत होते असे नाही. याच डोंगरावरील आणखी एका लेण्यात वेलिदत्ताचा पुत्र रामणक या व्यापाऱ्याचे नाव आहे. त्याने लेण्यासोबत १०० कार्षापणांची अक्षय नीवी संघाच्या हाती दिली. तिच्यातून वर्षावास करणाऱ्या भिक्षूला वस्त्रासाठी बारा कार्षापण मिळावेत अशी व्यवस्था केली. शंभरावर वर्षाला बारा, म्हणजे दर पुन्हा महिन्याला शेकडा एक. राजाच्या जावयाला आणि साध्या व्यापाऱ्याला एकच दर लागू होता, हे त्या बाजारपेठेविषयी पुष्कळ सांगते. जुन्नरच्या लेण्यांत तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. तेथे कोणाही एका व्यापाऱ्याचे नाव नाही. दान साऱ्या श्रेणीचे आहे.

राज्य बदलले, तेव्हा

ठेवीची खरी परीक्षा संकटात होते, आणि ते संकट लवकरच आले. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांची सत्ता मोडून काढली. त्याचा पुरावा केवळ प्रशस्तीत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुन्या राजाचा चेहरा खाली आणि नव्या राजाची चिन्हे वर, अशी ती नाणी आहेत. चांदी तीच राहिली, वजन तेच राहिले. तिच्यामागची सत्ता मात्र बदलली.

अशा वेळी जुन्या राजाच्या जावयाने दिलेल्या दानांचे काय झाले असेल? तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील दोन लेखांत त्याचे अंशतः उत्तर मिळते. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली. अपरकखडी गावातील २०० निवर्तनांचे शेत आजवर उषवदाताकडे होते. ते आता त्रिरश्मीवरील साधूंना द्यावे, अशी ती आज्ञा. त्या शेतात राजाच्या सेवकांनी शिरू नये, तेथे मिठासाठी खोदू नये आणि इतरही सवलती त्याला असाव्यात, असे त्यात नमूद आहे. जिंकलेल्या राजाने शत्रूच्या माणसाची जमीन घेतली, पण ती स्वतःच्या कोठारात न घालता डोंगरावरील साधूंच्या निर्वाहासाठी दिली.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. ती राजाच्या आणि त्याच्या मातेच्या नावाने आहे. त्या आज्ञेचा आशय असा : पूर्वी कखडी गावात जे शेत दिले होते ते पिकवले जात नाही, ते गाव वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने या साधूंना द्यावीत. या लेखात कोणताही अलंकार नाही, आणि त्याचे मोलही त्यातच आहे. दान दिले, त्याचे पुण्य पदरी पडले, आता पुढचे घेणाऱ्याने पाहावे, अशी भूमिका येथे नाही. दिलेल्या मालमत्तेतून उत्पन्न येते की नाही हे कोणीतरी पाहिले, येत नाही हे वर कळवले, आणि दात्याने बदली मालमत्ता दिली. क्षेत्र निम्मे झाले. परंतु ओसाड गावातील दोनशेपेक्षा शहराच्या वेशीवरील शंभर निवर्तने अधिक उपयोगाची होती. ट्रस्टच्या नावावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली, कूळ नसलेली, उत्पन्न न देणारी जमीन ज्या विश्वस्तांच्या यादीत आहे, त्यांनी ही दोन वाक्ये अवश्य वाचावीत.

तिसऱ्या शतकात सातवाहनही गेले आणि आभीर आले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा एक लेख दहाव्या लेण्याच्याच प्रांगणात आहे. त्यातील दाती एक स्त्री आहे. तिचे नाव विष्णुदत्ता. ती शक अग्निवर्मन याची कन्या, गणपक रेभिल याची पत्नी आणि गणपक विश्ववर्मन याची माता. तिने त्रिरश्मीवरील विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अक्षय नीवी ठेवली. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे १,००० कार्षापण, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २,०००, आणि तेल गाळणाऱ्या तेल्यांच्या श्रेणीकडेही काही रक्कम. काही आकडे दगड झिजल्यामुळे आता पूर्ण वाचता येत नाहीत. औषधदानाचे महत्त्व ज्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते, त्यांना या स्त्रीची निवड जवळची वाटेल. तिच्या दस्तातील एक शब्दयोजना तर फार दूरदृष्टीची आहे. गोवर्धनात आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या श्रेणींकडे ही ठेव असावी, असे ती म्हणते. आज ठेव घेणारी संस्था उद्या राहील असे नाही, हे तिने गृहीत धरले होते.

जैन खुणा आणि अंजनेरीची दुकाने

त्रिरश्मीवरील अकराव्या लेण्यात आणखी एक प्रकरण दडलेले आहे. हे लेणे शिवमित्र नावाच्या लेखकाच्या पुत्राने दिले. लेखक म्हणजे लिहिण्याचे काम करणारा, कारकून किंवा दप्तरदार. त्या पुत्राचे नावही रामणकच आहे, पण तो वर आलेल्या व्यापाऱ्याहून वेगळा. पुढे अनेक शतकांनी याच लेण्यात ऋषभनाथांची आणि अंबिकेची मूर्ती कोरली गेली. बौद्ध वस्ती सरल्यानंतर मध्ययुगात येथे जैन साधकांचा वावर होता, याची ती खूण मानली जाते. शहराच्या उत्तरेस म्हसरूळजवळच्या डोंगरात चांभारलेणी म्हणून ओळखली जाणारी जैन लेणी आहेत. अकराव्या-बाराव्या शतकांतील ही लेणी आज गजपंथा सिद्धक्षेत्र म्हणून जैन यात्रेकरूंना परिचित आहेत. एकाच शहराच्या दक्षिणेस आणि उत्तरेस असलेले हे दोन डोंगर या भागाच्या इतिहासाचे सुमारे बारा शतकांचे अंतर सांधतात.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरी लागते. डोंगराच्या पायथ्याशी मध्ययुगीन मंदिरांचे अवशेष आहेत. त्यांत जैन मंदिरेही आहेत. येथे शके १०६३ चा, म्हणजे इसवी सनाच्या ११४१-४२ च्या सुमाराचा, एक संस्कृत लेख आहे. यादव कुळातील सेउणचंद्र याच्या काळी चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याचे तो सांगतो. राजाबरोबर वत्सराज नावाच्या धनवान वाण्यानेही एक दुकान आणि घर दिले. त्रिरश्मीवर रोख रक्कम श्रेणीकडे ठेवून तिच्या व्याजातून खर्च चालवला जात होता. अंजनेरीत बाजारातील दुकानांच्या उत्पन्नातून. साधन बदलले, पद्धत तीच राहिली. मूळ मालमत्ता हलवायची नाही, तिच्या वार्षिक फळावर संस्थेने जगायचे. आजही गावोगावच्या जैन मंदिरांच्या आणि धर्मशाळांच्या रस्त्याकडील बाजूला गाळे काढलेले दिसतात आणि त्यांच्या भाड्यातून पुजाऱ्याचा पगार आणि दिवाबत्ती निघते. अंजनेरीच्या लेखातील वाणी ते दृश्य पाहून मुळीच चकित झाला नसता.

अक्षय काय राहिले?

आता एक प्रश्न उरतो. ज्या ठेवींना ‘अक्षय’ म्हटले होते, त्यांचे पुढे काय झाले? उषवदाताच्या ३,००० कार्षापणांपैकी आज काहीही उरलेले नाही. ज्या विणकरांच्या श्रेणींनी ते घेतले, त्या नाहीशा झाल्या. कखडीचे शेत ओसाड झाले, त्याची बदली झाली, आणि ती बदली जमीनही कोठे होती हे आज कोणी दाखवू शकत नाही. ज्यांच्यासाठी दान दिले ते भिक्षूही गेले. अंजनेरीच्या मंदिराला भाडे देणारी दुकाने केव्हाच मातीत मिळाली. मुद्दल जपण्याची सर्व खबरदारी घेऊनही, इतक्या मोठ्या काळाच्या हिशेबात मुद्दल टिकले नाही.

टिकली ती नोंद. आणि तीही आपोआप टिकली असे नाही. ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते, त्या शतकानुशतकांत या ओळी मुक्या होत्या. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मीची उकल पूर्ण केली, त्यानंतर त्या पुन्हा बोलू लागल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७४ मध्ये या लेखांच्या अर्थाविषयी विवेचन केले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरसाठी लेण्यांचा आणि लेखांचा तपशील सिद्ध केला. पुढे एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ते संपादित केले. नगरसभेच्या दप्तरातील फलक कुजून गेले असतील. दगडावरची प्रत राहिली म्हणूनच या विद्वानांना वाचायला काही मिळाले. एका विणकर श्रेणीचा व्याजदर, एका शेताची किंमत, सोन्याचा भाव, एका आईची चिंता, हे सारे नाशिकच्या इतिहासाला मिळाले. कारण कोणीतरी व्यवहार संपल्यावर तो लिहून ठेवण्याचा खर्च केला होता.

येथे हा इतिहास आजच्या व्यापारी घरांच्या दारात येऊन उभा राहतो. नाशिक, येवला, सिन्नर, मालेगाव, धुळे, अहिल्यानगर यांसारख्या गावांच्या जुन्या पेठांत दीडशे-दोनशे वर्षे व्यापार करणारी घराणी आहेत. त्यांच्या माळ्यावर, देवघराच्या मागे, गादीखालच्या पेटाऱ्यात लाल बासनात बांधलेल्या चोपड्या आहेत. दिवाळीच्या रात्री लक्ष्मीपूजनाला ज्यांची पूजा झाली, त्याच या वह्या. मोडी, महाजनी किंवा गुजराती लिपीत लिहिलेल्या, रोजमेळ आणि खतावणी असलेल्या. घरातील वाचणारे शेवटचे आजोबा गेले की त्या मुक्या होतात. वाडा पाडून इमारत उभी राहते, भावांच्या वाटण्या होतात, आणि दुकान, घर, दागिने यांची यादी होते तेव्हा चोपड्यांची गणती कोणत्याच वाट्यात होत नाही. त्या रद्दीत जातात. नदीकाठच्या बाजाराला तर आणखी एक भय आहे. गोदावरीला मोठा पूर आला की नाशिकचा भांडी बाजार आणि सराफ बाजार पाण्यात जातो, हे नाशिककरांना ठाऊक आहे. तळघरातील कागद पुरापुढे टिकत नाही.

या वह्यांत काय असते? १८७६-७८ च्या दुष्काळात बाजरीची पायली कोणत्या भावाने गेली, हे असते. प्लेगच्या वर्षी पेठ किती दिवस बंद होती, हे कोऱ्या राहिलेल्या पानांवरून कळते. कोणत्या गावाची हुंडी कोणत्या गावी पटत असे, बैलगाडीचे भाडे आगगाडी आल्यावर किती उतरले, शेतकऱ्याला बीजासाठी दिलेली रक्कम सुगीनंतर परत आली की सोडून द्यावी लागली, पांजरपोळीला आणि पाणपोईला धर्मादाय म्हणून दर वर्षी किती काढले, हे सारे त्यांत तारीखवार असते. वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून फिरून कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यामुळे राज्यकारभाराचा इतिहास उजेडात आला. बाजारपेठेचा इतिहास मात्र अजून मोठ्या प्रमाणात दुकानदारांच्या माळ्यावरच आहे. तो लिहिण्याची सामग्री दुसऱ्या कोणाकडे नाही.

मंदिरांच्या जीर्णोद्धारातही असेच घडते. जुन्या मंडपाच्या भिंतीवर दात्यांच्या नावांचे दगड असतात. कोणी पायऱ्या दिल्या, कोणी विहीर बांधली, कोणी अमुक रुपये कायम निधीत ठेवून त्याच्या व्याजातून अमुक तिथीला पूजा व्हावी असे म्हटले. नवा संगमरवर बसवताना हे दगड काढले जातात. नवी नावे नव्या फलकावर झळकतात आणि जुना दगड मागच्या अंगणात पालथा पडतो. ज्याने तो लावला त्याची इच्छा नाव मिरवण्याची असेल अथवा नसेल; परंतु त्या दगडावर संस्थेच्या ठेवीची अट कोरलेली असते. तो गेला की मुद्दलाला हात लावू नये हे सांगणारा साक्षीदार जातो. उत्पन्न कोणत्या कारणासाठी होते याचा वाद चाळीस वर्षांनी उभा राहिला, तर विश्वस्तांच्या हाती दाखवायला काही उरत नाही.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जीर्णोद्धाराचा ठराव करतानाच जुन्या सर्व फलकांचे वाचन करून प्रत संस्थेच्या इतिवृत्तात लावावी, प्रत्येक दगडाचे छायाचित्र घ्यावे, आणि शक्य असेल तर ते दगड नव्या भिंतीच्या एका बाजूला एकत्र बसवावेत. घरातील चोपड्या रद्दीत देण्यापूर्वी त्यांवर संवत, पेढीचे नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. मोडी वाचणारे अजून आहेत आणि नव्याने शिकणारेही आहेत. घरी जागा नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा आपल्या गावातील जुने वाचनालय यांच्याकडे चौकशी करावी. देणे-घेणे उघड होईल ही भीती असेल, तर तीन पिढ्यांपूर्वीच्या उधारीने आज कोणाची पत जात नाही, हेही ध्यानात घ्यावे.

विष्णुदत्तेने आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या श्रेणींवर भरवसा ठेवला. पुढे येणारे कोण असतील, ते कोणती भाषा बोलतील, कोणते नाणे वापरतील, हे तिला माहीत असणे शक्य नव्हते. तिची ठेव घेणाऱ्या संस्था संपल्या; पण आजाऱ्याला औषध मिळावे ही तिची इच्छा, तिच्या नावासह आणि रकमेसह, अठराशे वर्षांनंतरही वाचता येते. तिने दिलेले कार्षापण जपणे आता कोणाच्याही हाती नाही. माळ्यावरील लाल बासन उघडून, त्यातील पहिल्या पानावरचा संवत कोणता आहे एवढे तरी या दिवाळीपूर्वी पाहून ठेवणे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.